हात जिथे थांबत नव्हता

कात्रपमध्ये आमचं सोनोग्राफी सेंटर तळमजल्यावर आहे. एका बाजूला मेडिकल, दुसऱ्या बाजूला शाळेचे गणवेश विकणारं दुकान. दारावर कायद्याने लावायची ती पाटी आहे: येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. पाटी वाचून आत आलेली निम्मी माणसं पाच मिनिटांत मला तेच विचारतात.

कुळगावचे एक गृहस्थ सुनेला घेऊन आले होते. तपासणी झाल्यावर त्यांनी टेबलावर दोन डबे ठेवले. एकात पेढे, एकात बर्फी. म्हणाले, "मॅडम, मी काहीच विचारत नाही. तुम्ही फक्त एक डबा ठेवून घ्या."

मी म्हटलं, "काका, मला डायबेटिस आहे," आणि दोन्ही डबे त्यांच्या हातात दिले. ते गेल्यावर आमची रिसेप्शनिस्ट वैशाली हळहळली. "मला नाही ना मॅडम डायबेटिस!"

हे हसून सांगते, पण पाटीमागची भीती खरी आहे. प्रत्येक गरोदर बाईमागे एक फॉर्म भरायचा. त्यावर तिची सही, माझी सही. एक रकाना चुकला तरी तपासायला येणारे अधिकारी मशीनला सील ठोकू शकतात. कायदा कडक आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण आमच्याच धंद्यातल्या लोकांनी पैसे घेऊन पोटातल्या मुली वेचून काढल्या आहेत. पण त्या भीतीने माझ्या हाताला एक सवय लागली, आणि त्या सवयीने एका बाईचं काय झालं, ते लिहायला मी बसले आहे. नावं बदलली आहेत.

आधी कामाबद्दल थोडं. पोटावर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा. आत आवाज जातो, आदळून परत येतो, त्याचं चित्र होतं. पाणी काळं दिसतं, हाड पांढरं, बाकी सगळ्या राखाडी छटा. बघणाऱ्याला वाटतं मशीन बघतं. मशीन काही बघत नाही. हात नेईल तेवढंच दिसतं.

माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात कामाला होते. आम्ही उल्हासनगरला कॅम्प म्हणतात त्या वस्तीत राहायचो, आणि आई घरी बसून जीन्सचे धागे कापायची. शंभर पँटचा गठ्ठा यायचा. ती पँट उलटी करून आधी बैठकीची शिवण बघायची. मी विचारलं होतं, तिथूनच का? म्हणाली, "चारी बाजूंच्या शिवणी तिथं येऊन भेटतात. खोट राहिली तर तिथंच राहते." तेव्हा मी बारावीची तयारी करत होते, आणि आईकडून शिकण्यासारखं काही असेल असं त्या वयात वाटत नाही.

एमबीबीएस, मग रेडिऑलॉजी. हाताला वळण लागलं ते मात्र उल्हासनगरच्या आमच्या सरांकडे. सर सिंधी, बोलायला गोड, कामाला खडूस. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा चिकटलेली जुळी पाहिली. छाती ते पोट जोडलेलं, दोन तोंडं समोरासमोर, आणि दोघांमध्ये मिळून धडधडणारं एकच हृदय. सरांनी पाऊण तास बघितलं, मग मला म्हणाले, "बेटा, नाम बाद में दे. पहले देख, क्या-क्या एक है."

नावं सोपी आहेत. जुळी कुठे जोडलेली आहेत त्यावरून ठरतात, आणि शेवटी 'पेगस' लागतं. छातीला जोडलेली थोरॅकोपेगस, डोक्याला क्रॅनिओपेगस, कमरेच्या हाडाला इस्किओपेगस, अशी आणखीही. असं म्हणतात की एका बीजाची जुळी व्हायची तर ते सुरुवातीच्या दिवसांत फाटतं. फाटायला फारच उशीर झाला, तर पूर्ण फाटतच नाही. आईबापांचा यात काही दोष नसतो. ग्रहणाचाही नसतो. हे मला दर वेळी सांगावं लागतं.

उलटही घडतं. एक शिक्षिका रडत आली होती, दुसरीकडे तिला जोडलेली जुळी आहेत असं सांगितलं होतं. मी तिला जिना चढ-उतर करायला लावलं, कुशीवर झोपवलं, पुन्हा पाहिलं. दोन्ही बाळं एकमेकांकडे पाठ करून मोकळी झाली होती, मधे कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा. ती दोन्ही पोरं आता आमच्याच बाजूच्या दुकानातून गणवेश घेतात. त्या निदानाची मला बरीच मिजास होती. ती रेश्माने उतरवली.

रेश्मा पालेगावची. म्हणजे सासर तिथलं. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता टॉवर उभे आहेत. तिच्या नवऱ्याचे, महेशचे, पाण्याचे दोन टँकर त्याच टॉवरना पाणी पुरवतात. पहिलटकरीण. बाराव्या आठवड्यात ती पहिल्यांदा आली तेव्हा जुळं निघालं म्हणून महेशने बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्या अनोळखी बायांना चहा पाजला होता.

तेव्हा मी रिपोर्टात लिहिलं: एकाच वारेवरची जुळी, दोन्ही हृदयांचे ठोके नीट, मधला पडदा पातळ. एकाचं डोकं वर, दुसऱ्याचं खाली. सोळाव्या आठवड्यात परत बोलावलं होतं. घरात दिराचं लग्न होतं, ते आले नाहीत. त्यांचं न येणं ही माझी सबब नाही.

आले ते एकोणिसावा आठवडा संपत आल्यावर. सोबत सासू. हिरवं लुगडं, दंडात चांदीचं कडं. खोलीत पाय टाकताच तिने मशीनकडे असं बघितलं, जणू ते बाजारात विकायला ठेवलंय.

रेश्मा झोपली. समोर भिंतीवर टीव्ही आहे, आईला बाळ दिसावं म्हणून. मी प्रोब टेकवला. पहिलं डोकं, छान. हृदयाचे चारी कप्पे. दुसरं डोकं अजूनही खालीच. त्याचंही हृदय छान.

"कालपासून हलतात मॅडम," रेश्मा म्हणाली. "एक हललं की लगेच दुसरं हलतं. भांडतात बहुतेक."

माझा हात थबकला. सात आठवड्यांपूर्वी एक वर, एक खाली. आजही एक वर, एक खाली, अगदी त्याच रेषेत. एवढ्या मोकळ्या पाण्यात जुळी अशी राहत नाहीत, ती कोलांट्या मारतात. मी थांबून बघत राहिले. वरच्याने पाय झाडला. खालच्याची कंबर ओढली गेली.

पडदा शोधला. नव्हता. पहिल्या वेळीही मला तो दिसला नव्हता हे तेव्हा आठवलं. पातळ असेल, म्हणून मी लिहून मोकळी झाले होते.

मी रिमोट उचलून भिंतीवरचा टीव्ही बंद केला.

"बंद का केला?" रेश्माने लगेच विचारलं.

"मला नीट बघायचंय. मान तिकडे वळवू नकोस, पोट ताणतं." हे खोटं होतं. तिला ते कळलं असावं. तिने टेबलाची कड धरली.

मी तिला उठवून अर्धा तास चालायला पाठवलं. ती गेल्यावर मशीनमधले पहिल्या वेळचे फोटो काढले. अकरा होते. दोन डोकी, दोन छात्या, हात, दोन कणे कमरेपर्यंत. मग थेट मांड्या. मधला एकही फोटो नव्हता.

इथे ती सवय सांगावी लागेल. पंधरा वर्षं माझा हात बाळाच्या पोटावरून मांड्यांवर उडी मारत आला. मुलगा की मुलगी ते जिथे दिसतं, त्या जागी थांबलं की कडेला उभा असलेला नातेवाईक माझा चेहरा वाचतो. भुवई उचलली तरी घरी जाऊन अर्थ लावतात. आणि उद्या कुणी तक्रार केली तर? म्हणून मी तिथे थांबतच नसे. याचा मला अभिमान होता. लोकांना सांगायचे, मला स्वतःलाही माहीत नसतं, मी बघतच नाही. ही दोन बाळं नेमकी तिथेच जोडलेली होती.

सरांना फोन लावला. ते आता घरीच असतात. मी सगळं सांगितलं.

"नीचे देखा था?"

"सर, मैं वहाँ रुकती नहीं."

मग म्हणाले, "आज रुक. बेटा, कायदे में बोलना मना है. देखना कब मना हुआ?"

रेश्मा परत आली. सासू आणि महेश आत. खरं तर नातेवाइकांना बाहेर ठेवता आलं असतं, पण रेश्माने सासूचा हात सोडला नाही. मी हात खाली नेला आणि थांबवला.

सोपं नव्हतं. पंधरा वर्षं ज्या जागेवरून नजर चुकवली ती जागा मी आता इंच इंच बघत होते. कमरेची हाडं दोघांची मिळून एकच मोठं कडं झालेलं. पाय चार, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. लघवीची पिशवी एकच सापडत होती. दुसरी शोधायला मी दहा मिनिटं थांबले. भरेल, रिकामी होईल, दिसेल. दिसली नाही. नाळ एकच, आणि त्यात नको तितक्या रक्तवाहिन्या.

मागून सासूचा आवाज आला. "बाय, इतका येल तिथंच बघतंस. मंग दिसला आसंल ना तुला?"

"आई, गप ना," महेश म्हणाला.

"गप कशाला? आमी कोनाला बोलनार नाय. दोन पोरगं हायत का, येवडाच सांग. नायतर मुंडी हालव."

माझी मान ताठरली. हलली असती तर हो की नाही, हे मलाच सांगता आलं नसतं. "मावशी, मी ते बघत नाहीये."

"मंग काय बघतंस ग तिथं?"

रेश्मा छताकडे बघत होती. "आई," ती हळू म्हणाली, "मॅडमना बघू द्या."

पोट पुसून झाल्यावर मी तिघांना टेबलापाशी बसवलं. वीस आठवड्यांपर्यंत गर्भ पाडायचा तर एका डॉक्टरचं मत कायद्याला पुरतं. त्यापुढे दोन लागतात, चोवीसच्या पुढे डॉक्टरांच्या बोर्डाकडे जावं लागतं. तिला वीस पूर्ण व्हायला आठ दिवस होते. मी कागदाच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. दोन डोकी दोन टोकांना, मधे एक गोल.

"बाळं कमरेला जोडलेली आहेत," मी म्हटलं. "आणि हे मला बाराव्या आठवड्यात दिसायला हवं होतं. मी ती जागा नीट बघितली नाही. पहिला रिपोर्ट चुकला. चूक माझी आहे."

बाहेर वैशालीचा कीबोर्ड थांबला. आमच्या धंद्यात हे वाक्य सहसा कुणी उच्चारत नाही. 'त्या वेळी दिसण्यासारखं नव्हतं' असं म्हणायची पद्धत आहे, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. इथे नव्हतं.

महेश उठला. खुर्ची मागे पडली. "म्हणजे काय मॅडम? चूक म्हणजे? आम्ही सगळ्या गावाला सांगून बसलोय, पाळणे दोन आणलेत! तुम्ही तेव्हाच बघितलं असतं तर?"

"तर सात आठवडे आधी कळलं असतं."

"एवढं सोपं?"

"सोपं नाहीये."

तो बाहेर गेला, काचेच्या दारापलीकडे उभा राहिला, परत आत आला आणि पडलेली खुर्ची उचलून बसला. सासू चित्राकडे बघत होती. मधल्या गोलावर तिने बोट ठेवलं, आणि मगाशी मी तिथे काय बघत होते हे तिला समजलं. ते समजताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. तिने पदर तोंडाला लावला.

रेश्मानेच विचारलं. "हृदयं दोन आहेत ना?"

"दोन आहेत. चांगली आहेत. डोकीही दोन, चांगली."

"मग जगतील?"

इथे नाही म्हणता आलं असतं तर माझं काम हलकं झालं असतं. "जगू शकतात," मी म्हटलं. "पण वेगळं करायला एकामागून एक ऑपरेशनं लागतील. वर्षानुवर्षं. लघवी आणि शौचाचा मार्ग दोघांत एकच दिसतोय. चालता येईल का, कोणी सांगू शकणार नाही. आणि मी एकदा चुकलेय, म्हणून माझ्या एकटीच्या शब्दावर काही ठरवू नका. मुंबईला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवा."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला माहीत नाही, रेश्मा. मी उद्या तुझ्यासोबत येते."

दुसऱ्या दिवशी सेंटर बंद ठेवून मी त्या तिघांसोबत त्यांच्या गाडीत बसले. कात्रप ते मुंबई महेश माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, पण वाटेत सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या घेतल्या तेव्हा चार घेतल्या. हॉस्पिटलात एमआरआय झाला. तिथल्या मोठ्या मॅडमनी तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं, फक्त नावासकट: इस्किओपेगस, चार पायांचा प्रकार. पिशवी एकच. लहान मुलांचे सर्जन येऊन तासभर बोलले. कुणी घाई केली नाही. घाई फक्त तारखांची होती.

कॉरिडॉरच्या बाकावर आम्ही दोघीच होतो तेव्हा रेश्मा म्हणाली, "आता हलतात तेव्हा भांडत नाहीत, हे कळतं. एकाला वळायचं असतं आणि दुसऱ्यामुळे वळता येत नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाराव्या आठवड्यात हलत नव्हती."

तिने तक्रार केली नव्हती. तिने फक्त सांगितलं. ते वाक्य माझ्याजवळ आहे.

वीस आठवडे पूर्ण व्हायच्या दोन दिवस आधी तिने निर्णय घेतला. तिनेच घेतला. सासूने आणि नवऱ्याने तिला विचारलं, आणि ती बोलली ते ऐकलं. बाळांना घरी नेऊन त्यांनी सगळं रीतीने केलं, हे मला महेशने फोनवर सांगितलं. सेंटरमधल्या त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "कळवायचं होतं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "चूक तुझी म्हणून त्यांना सांगितलंस ना?" हो म्हटल्यावर ते पुन्हा पेपर वाचायला लागले. आईला त्या शिवणीची आठवण करून दिली. तिला आठवत नव्हतं. "किती पँटी कापल्या मी, कुठं लक्षात राहणार," म्हणाली.

पुढे उल्हासनगरला आम्हा सोनोग्राफीवाल्यांची बैठक होती. मी माझे ते अकरा फोटो पडद्यावर दाखवले आणि विचारलं, तुमच्यापैकी किती जण तिथे थांबतात? खोलीत खोकल्याचे आवाज आले. एक जण म्हणाला, "मॅडम, तिथे थांबून कोण केस ओढवून घेईल?" त्याला मी दोष देत नाही. कालपर्यंत मीच ते बोलत होते. आता मी तपासणीला सुरुवात करण्याआधी प्रत्येक बाईला आणि तिच्यासोबतच्या माणसाला सांगते: मी सगळीकडे बघणार आहे, सांगायला बंदी आहे ते सांगणार नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघून काही कळणार नाही. काही जण नाराज होतात. एक जण तर म्हणाला, "बघणार तुम्ही आणि सांगणार नाही, हा कुठला न्याय?" मी त्याला पाटी दाखवली.

रेश्मा परत येईल असं मला वाटलं नव्हतं. अंबरनाथला, तिच्या घराजवळ, दोन-तीन सेंटर आहेत. दीड वर्षाने वैशाली आत येऊन म्हणाली, "मॅडम, पालेगाववाल्या आल्यात." मी फाईल बघायच्या आधी उठून उभी राहिले होते.

बारावा आठवडा. एकच बाळ. महेश या वेळी बाहेरच थांबला, टँकरचा फोन चालू आहे म्हणून. चहा कुणालाच पाजला नाही. सासू आत आली, तेच दंडातलं कडं. रेश्मा झोपली आणि टेबलाची कड तिने आधीच धरली. मी भिंतीवरचा टीव्ही चालू केला आणि माझं नेहमीचं बोलायला लागले, की मी सगळीकडे बघणार आहे, आणि—

सासूने मला मधेच तोडलं.

"बाय, ता सगला नको सांगू. आमाला काय बी सांगू नको. तू बघ फकस्त. खालपर्यंत बघ."

मी बघितलं. हात तिथे नेला आणि थांबवला. मला हवं होतं ते सगळं दिसेपर्यंत थांबवला. खोलीत कुणी काही विचारलं नाही. मग जे सांगायचं होतं ते मी सांगितलं, आणि रेश्माने टेबलाची कड सोडली.